एसीएल तुटलंय, 'नॅनोफायबरची जाळी' बसवावी का नेहमीची सर्जरी करावी?

परभणीचा_चढाईपटू

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २२, पोलीस भरतीची तयारी करायलाय आणि गावच्या संघाकडून कबड्डी खेळतो. महिना होत आला, मातीच्या मैदानावर मॅच होती, चढाई करून परत फिरायलाच होता तर डाव्या कोपरारक्षकानं घोटा धरला, पाय जागेवरच रुतला आणि वरचं अंग फिरलं. कट् आवाज आला म्हणतो. तासाभरात गुडघा टम्म. गावात दोनतीन दिवस लेप-बिप झालं, मग एमआरआय केला तर त्यात एसीएल (गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट) पूर्ण तुटलंय असं आलं, आणि मेनिस्कसमध्ये (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीत) 'ग्रेड २ सिग्नल' असं काहीतरी लिहिलंय.

पहिले डॉक्टर म्हणाले मांडीच्या मागची शीर काढून तिथं बसवू, दुर्बिणीतून होतं. ठीक. मग पाहुण्यांच्या ओळखीनं दुसऱ्या शहरात दाखवलं. तिथं डॉक्टर पाच मिनिटं बोलले, बाकी सगळं एका कोऑर्डिनेटरनं समजावलं. त्याचं म्हणणं, आता शीर-बीर काढायची गरज नाही, नॅनोफायबरची जाळी येते, तिच्यावर आपलंच लिगामेंट नवीन उगवतं, तीन महिन्यात पोरगं मैदानात. खर्च जवळपास दुप्पट. बाबा म्हणायलेत सोयाबीन ठेवलंय ते काढू, पण पोराचा पाय नीट होऊ दे.

तर मला तीन गोष्टी सांगा. असली जाळी खरंच असते का. असली तर आपण तिच्यासाठी थांबावं का. आणि एक येड्यासारखा प्रश्न, तुटलंय तर सरळ शिवून का टाकत नाहीत? हाताला कोयता लागून टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) तुटलेल्या ऊसतोड कामगाराचं शिवलेलं आमच्या गल्लीतच बघितलंय, बोटं चालतात त्याची.

---

फिजिओ_लातूर

जाळीबद्दल इथं माझ्यापेक्षा जास्त कळणारे आहेत, ते बोलतीलच. मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो अजिबात येड्यासारखा नाही.

हाताचं टेंडन शिवलं की आजूबाजूला रक्त येतं, गुठळी होते, त्या गुठळीवरच शरीर पुढचं काम करतं. एसीएल गुडघ्याच्या सांध्याच्या आत आहे, सायनोव्हियल पाण्यात, म्हणजे सांध्यातल्या वंगणात. तिथं दोन तुटक्या टोकांच्या मधे गुठळी टिकतच नाही, ते पाणी आणि त्यातली एन्झाईम तिला विरघळवून टाकतात. म्हणून टोकं समोरासमोर असूनही जुळत नाहीत. त्याच गुडघ्याच्या आतल्या बाजूचं एमसीएल नावाचं लिगामेंट सांध्याच्या बाहेर आहे, ते बऱ्याचदा नुसत्या ब्रेसवर जुळून येतं. शिवायचा प्रयोग झालाय की. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या कॅडेटांची एसीएल शिवली होती, त्यांचा पाच वर्षांचा हिशोब १९७६ ला छापून आला आणि तो इतका निराशाजनक होता की हळूहळू सगळे ग्राफ्टकडे, म्हणजे शरीरातलंच दुसरं टेंडन काढून बसवण्याकडे, वळले. ते कॅडेट म्हणजे तुमच्या भावाच्याच वयाची धावणारी पोरं होती.

आता 'तीन महिन्यात मैदानात' बद्दल. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मांडीचं टेंडन (तुम्ही 'शीर' म्हणताय ती हीच) आत बसवलं की ते पहिल्या दिवशी मजबूत असतं, मग शरीर त्याला आतून मोडून परत बांधायला घेतं आणि साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान ते सगळ्यात कमजोर असतं. आणि नेमकं तेव्हाच पेशंटला वाटतं की मी बरा झालो, सूज गेली, चालता येतंय, चला ग्राउंडवर. नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की खेळात परत जाणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं तितकी दरमहा पुन्हा इजा होण्याची शक्यता जवळपास निम्म्यानं कमी होत गेली. जाळी असो, शीर असो, काहीही असो, कबड्डीसारख्या पाय रोवून वळायच्या खेळाला नऊ महिन्याच्या आत मी तरी हो म्हणत नाही.

मेनिस्कसचा ग्रेड २ सिग्नल म्हणजे फाटलंय असं नाही, आतल्या आत थोडा बदल दिसतोय इतकंच, त्याला घाबरू नका. पण गुडघा मधेच अडकतो का, कुलूप लागल्यावाणी, ते विचारा त्याला. आणि आत्ता चालताना गुडघा निसटतो का, हे पण.

---

धागे_आणि_पॉलिमर

मी मूळचा नांदेडचा, सध्या बाहेर एका लॅबमध्ये पॉलिमरच्या धाग्यांवर काम करतो. डॉक्टर नाही हे आधी लक्षात घ्या, पण हा विषय रोजचा आहे म्हणून लिहितो.

जाळी असते का? असते, पण त्या कोऑर्डिनेटरला आधी विचारा की नेमकं काय बसवणार. कारण धाग्याच्या नावाखाली बाजारात आणि लॅबमध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करून विकतात.

एक म्हणजे सुचर टेप. फार मजबूत पॉलिथिलीनच्या धाग्याची चपटी पट्टी, ती ग्राफ्टच्या सोबत बसवतात, ग्राफ्टला सुरुवातीच्या काळात आधार म्हणून. काही सर्जन वापरतात, काही म्हणतात गरज नाही. हिच्यावर काही उगवत नाही. दुसरं म्हणजे पूर्ण कृत्रिम लिगामेंट, बहुतेक पॉलिएस्टरचं, त्याचा इतिहास खाली सांगतो. तिसरं म्हणजे कोलॅजनचं (टेंडन-लिगामेंट ज्या प्रथिनाची बनतात त्याचं) इम्प्लांट, त्यात धागे नाहीत, तो स्पंज आहे. बोस्टनमध्ये डॉ. मार्था मरे यांच्या गटानं बनवला, बेअर म्हणतात त्याला. गायीच्या कोलॅजनचा स्पंज, त्यात पेशंटचंच रक्त भरायचं आणि तुटलेल्या टोकांच्या मधे ठेवायचा. म्हणजे वर मॅडमनी गुठळीचं जे सांगितलं, तीच गुठळी टिकवून धरायची युक्ती. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, डिसेंबर २०२० मध्ये परवानगी दिली, तेव्हाची अट अशी होती की इजा झाल्यापासून ५० दिवसांच्या आत झालं पाहिजे आणि लिगामेंटचं खालचं टोक नडगीच्या हाडाला चिकटलेलं शिल्लक पाहिजे. १०० जणांच्या चाचणीत दोन वर्षांनी गुडघ्याचा स्कोअर ग्राफ्टच्या तोडीस तोड आला, मात्र पुन्हा ऑपरेशन लागलेले स्पंजवाल्यांत १४ टक्के आणि ग्राफ्टवाल्यांत ६ टक्के होते. माणसं कमी असल्यामुळं हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण विसरण्यासारखा नाही.

आणि चौथं, ज्याला खरं म्हणजे नॅनोफायबर स्कॅफोल्ड (अतिबारीक धाग्यांचा, पेशींना उगवायला आधार देणारा सांगाडा) म्हणायला पाहिजे, ते आमचं काम. ते एसीएलच्या जागी आख्खं बसवून पोराला पळायला लावायची वेळ अजून आलेली नाही. तीन महिन्यात तर नाहीच नाही.

ते बनतं कसं ते सांगतो, कारण त्यातच कळेल की अडलंय कुठं. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण, समोर फिरता ड्रम, आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्ट. सुईच्या टोकावरचा थेंब खाली पडत नाही, तो ताणला जाऊन शंकू होतो आणि शंकूच्या टोकातून डोळ्याला धड न दिसणारी धार सुटते, हवेतच वाळते आणि ड्रमवर पांढरा थर जमायला लागतो. धाग्याची जाडी मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास किंवा त्याहून कमी, केसाची साधारण सत्तर मायक्रॉन असते. ड्रम सावकाश फिरवला तर धागे कसेही पडतात, जोरात फिरवला तर एका दिशेत लागतात. पावसाळ्यात हवेत दमटपणा वाढला की धाग्यात गाठी आणि भोकं, आठवडाच्या आठवडा वाया, आम्ही हवा कोरडी करणाऱ्या डीह्युमिडिफायरपुढं हात जोडून बसतो.

दिशा एवढी महत्त्वाची का? टेंडनमध्ये मुख्य माल टाइप-१ कोलॅजन, आणि त्याचे तंतू ओढीच्या दिशेत एकामागं एक रांगेत. एका दिशेतल्या धाग्यांवर पेशी सोडल्या की त्या धाग्याला धरून लांबट होतात आणि कोलॅजनही त्याच दिशेत टाकतात. आडव्यातिडव्या धाग्यांवर त्याच पेशी कशाही पसरतात, मग तयार होतं ते व्रणासारखं, आणि व्रणाचं टेंडन परत तुटतं. इथपर्यंत गोष्ट छान आहे आणि रील बनवणारे इथंच थांबतात.

पुढची गोष्ट. तरुण माणसाचं एसीएल तुटायला सुमारे २१६० न्यूटन लागतात, म्हणजे दोनशे किलोच्या वर. हा पांढरा थर त्यापुढं काहीच नाही. मग त्याचे पीळ घालायचे, वेणी घालायची, विणायचं. अमेरिकेत कॅटो लॉरेन्सिन यांच्या गटानं विरघळणाऱ्या पॉलिमरच्या वेणीचं लिगामेंट बरीच वर्षं चालवलंय. वेणीनं ताकद येते. पण धागे दाटले की आत शिरायला पेशींना जागा उरत नाही, त्या वरवर राहतात आणि आतला भाग नुसतं प्लॅस्टिक. जागा ठेवावी तर ताकद जाते. मग काही गट मधे पाण्यात विरघळणारे धागे घालतात आणि नंतर धुऊन काढतात, म्हणजे वाट मोकळी होते. आमच्या आयुष्याची भांडणं या दोन टोकांच्या मधेच चाललीत.

---

धाराशिवचे_काका

पॉलिएस्टरच्या लिगामेंटचं नाव निघालं म्हणून. आमच्या मेव्हण्याला पंचवीसेक वर्षांमागं मोठ्या शहरात एका दवाखान्यात दोरीचं लिगामेंट बसवलं होतं. पहिली दोन वर्षं असा पळायचा की आम्हालाच लाज वाटायची. मग गुडघ्यात पाणी व्हायला लागलं, काढलं की परत व्हायचं. शेवटी उघडलं तर दोरीचे तंतू कुस्करून सांध्यात पसरलेले. दवाखान्यानं हात वर केले, कागद मागितले तर मिळाले नाहीत. ताकद ताकद काय करायलात, ताकद त्याच्यातबी लै होती.

---

धागे_आणि_पॉलिमर

काका बरोबर बोलले, आणि हे एकट्या मेव्हण्यांचं नाही. १९७० च्या दशकात कार्बन फायबरची लिगामेंट झाली, ती मोडून काळा चुरा सांध्यात आणि जवळच्या लसिका ग्रंथींत सापडला. मग गोअर-टेक्सचं आलं, त्याला १९८६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि १९९३ मध्ये ते बाजारातून गेलं. त्याच काळात डेक्रॉनचं होतं, पॉलिप्रॉपिलीनचा आधार होता, लीड्स आणि केइओ या दोन विद्यापीठांचं मिळून पॉलिएस्टरचं होतं. सगळ्यांची पहिल्या दिवसाची ताकद उत्तम. दिवसाला ५००० पावलं धरली तरी एका गुडघ्याला वर्षाला नऊ लाख वेळा ओढ बसते, त्यात लिगामेंट बसवायला हाडात पाडलेल्या बोगद्याच्या कडेला घासणं आलं, आणि शरीर तुमच्या नायलॉन-पॉलिएस्टरची दुरुस्ती करत नाही. जिवंत लिगामेंट रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून निघतं, दोरी फक्त झिजते.

म्हणूनच आम्ही विरघळणाऱ्या धाग्यांच्या मागं लागलोत. कल्पना स्लॅबच्या सेंट्रिंगची आहे, आत नवीन माल भरेपर्यंत वजन यानं धरायचं आणि मग निघून जायचं. लवकर काढलं तर स्लॅब बसतो हे सगळ्यांना माहीत आहे. पीएलजीए नावाचं पॉलिमर काही आठवडे-महिन्यांत जातं, ते लवकर होतं. पीसीएल नावाचं दुसरं पॉलिमर दोन-तीन वर्षं राहतं. पण सेंट्रिंगचा दाखला इथं तुटतो आणि खरी मेख तिथंच आहे: काँक्रीटला सेंट्रिंग जास्त दिवस ठेवलं म्हणून बिघडत नाही, टेंडनला बिघडतं. टेंडनच्या पेशींना ओढ बसली तरच त्या चांगलं कोलॅजन बनवतात. सगळं वजन धाग्यानंच धरून ठेवलं तर आतलं नवीन टिश्यू आळशी राहतं, पातळ आणि कमजोर. मग धागा गेला की हातात काहीच नाही. म्हणजे धाग्यानं वजन धरायचं पण सगळं नाही, आणि रोज थोडं थोडं सोडत जायचं, ते पण पेशंटचं शरीर जितक्या वेगानं भरतंय तितक्याच वेगानं. बावीस वर्षाच्या पोराचा वेग वेगळा, साठीच्या शुगरवाल्या माणसाचा वेगळा, आणि धागा फॅक्टरीत एकाच वेगाचा बनून आलेला.

माझं मत विचाराल तर 'आमचा धागा लिगामेंटपेक्षा मजबूत' असं कुणी मिरवत असेल तर त्याला एवढंच विचारा, सोडतो कधी?

---

तुतीवाला_बीड

राम राम. आम्ही शेतकरी माणूस, दोन एकर तुती आहे, कोष जालन्याच्या मार्केटला नेतो. इतकं वाचलं तर एक डोक्यात आलं, रेशमाचा धागा नाही का चालत याला? आमच्याकडं तर ढिगानं आहे. डॉक्टर लोक पूर्वी रेशमानंच टाके घालायचे म्हणतेत. भाव पडला की आम्ही आपलं लिगामेंट बनवू.

---

धागे_आणि_पॉलिमर

भाऊ तुम्ही एकदम मुद्द्यावर हात ठेवला. चालतं, आणि चांगलं चालतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटानं २००२ मध्ये तुमच्याच जातीच्या किड्याच्या, म्हणजे तुतीवरच्या बॉम्बिक्स मोरीच्या रेशमाची पीळदार दोरी एसीएलसाठी करून दाखवली, दोरीतल्या पिळांचा हिशोब असा बसवला की तिची ताकद आणि ताण दोन्ही खऱ्या एसीएलच्या जवळ जावेत. रेशीम शरीरात सावकाश जातं, वर्षभरात बहुतेक ताकद सोडतं, आणि वर म्हटलं तसं हळूहळू सोडणं हेच तर पाहिजे.

अडचण डिंकाची आहे. कोषात धाग्यावर सेरिसिनचं आवरण असतं, वजनाच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्तच, ते धाग्यासकट शरीरात गेलं की सूज आणतं. म्हणून सोड्याच्या पाण्यात उकळून ते काढायचं आणि नुसतं फायब्रॉइन, म्हणजे धाग्याचा आतला गाभा, ठेवायचं. तुम्ही कोष देता, रिलिंगवाले गरम पाण्यात टोक सोडवतात, पण तेवढ्यानं डिंक पूर्ण जात नाही. वैद्यकीय कामाला तो शेवटच्या कणापर्यंत गेला पाहिजे, आणि जास्त उकळलं तर धागाच कमजोर. शिवाय प्रत्येक लॉट सारखा लागतो. पावसाळ्यातला कोष आणि हिवाळ्यातला कोष सारखा येतो का सांगा?

---

तुतीवाला_बीड

नाही येत. उन्हाळ्यात तर कोष हलका, धागा कमी. मार्केटात बी वेगळा भाव लागतो. म्हणजे आमचा माल साडीलाच बरा सध्या 😀

---

जालन्याची_लेक

मूळ प्रश्नाशी थोडं वेगळं आहे, चालेल ना. आईचं वय ६३, शुगर आहे, खांद्याचं टेंडन हाडापासून सुटलंय, हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही. तिला एका ठिकाणी शिवताना वरून 'पॅच' लावू असं सांगितलंय. हे पण तसलंच का? नाही म्हणून सांगावं का डॉक्टरांना?

---

धागे_आणि_पॉलिमर

ताई, खांद्याचं प्रकरण वेगळं आणि खरं सांगू का, धाग्याचं काम तिथं जास्त पुढं गेलंय. कारण तिथं टेंडनच्या जागी काही बसवायचं नसतं, आईचंच टेंडन हाडाला परत बांधायचं असतं आणि पॅच वरून किंवा मधे आधाराला. म्हणजे दोनशे किलोची जबाबदारी त्याच्यावर नाही. कोलॅजनचे पॅच आहेत, कोलॅजन आणि विरघळणारे धागे एकत्र केलेले आहेत, इलेक्ट्रोस्पिनिंगनं बनवलेला पातळ थरही अमेरिकेत मंजूर होऊन वापरात आलाय. तेव्हा पॅचचं नाव काढलं म्हणून डॉक्टर फसवायलेत असं नाही.

अवघड काय आहे तर जोड. निसर्गात टेंडन हाडाला एकदम चिकटत नाही, आधी टेंडन, मग कूर्चेसारखा थर, मग त्यातच कॅल्शियम भरलेला थर, मग हाड, असे चार टप्पे असतात, म्हणून मऊ आणि कडक यांच्या सांध्यावर ताण एका जागी गोळा होत नाही. ऑपरेशननंतर हे चार टप्पे परत तयार होत नाहीत, मधे व्रण भरतो. मोठं फाटलेलं असेल, वय जास्त असेल, शुगर असेल तर ते परत सुटायची शक्यता वाढते. एकाच स्कॅफोल्डच्या एका टोकाला टेंडनसारखे आणि दुसऱ्या टोकाला हाडासारखे धागे द्यायचं काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेलन लू यांच्या लॅबमध्ये चालतं, माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात समंजस काम ते आहे, पण ते पॅचमध्ये येऊन आईच्या खांद्यापर्यंत पोचायला वेळ आहे.

---

फिजिओ_लातूर

ताई, पॅचच्या आधी शुगर. तीन महिन्याची शुगर म्हणजे एचबीए१सी किती आहे ते बघा, ते खाली आणा, पॅचच्या पैशापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि फाटलंय किती, स्नायूत चरबी भरलीय का, हे एमआरआय बघून विचारा. चरबी जास्त भरलेली असेल तर शिवूनही ताकद येणार नाही, मग पॅच लावून काय उपयोग.

---

परभणीचा_चढाईपटू

मंडळी लै मोठे उपकार. काल त्या कोऑर्डिनेटरला फोन लावला, म्हटलं इम्प्लांटचं नाव, कंपनी आणि कशापासून बनलंय ते व्हॉट्सॅपवर टाका. आधी म्हणे ते डॉक्टरांचं टेक्निकल असतं. मग म्हणे पेपर ॲडव्हान्स भरल्यावर देतो. मी म्हटलं पेपर आल्यावर ॲडव्हान्स. संध्याकाळी एक फोटो आला. 'धागे' भाऊंनी पहिलं सांगितलं तेच निघालं, सुचर टेप. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ग्राफ्टसोबत वापरायची. म्हणजे मांडीची शीर तर काढणारच होते! वरून ती पट्टी, आणि नाव नॅनोफायबर. विचारलं तर म्हणतो, "सर सगळे फायबर नॅनोच असतात."

भाऊ तर फोन हिसकावून घ्यायलाच निघाला होता. आईनं आवरलं.

आता पहिल्या डॉक्टरांकडंच करायचं ठरवलंय जवळपास. पण एक राहिलं, ऑपरेशन लागतंच का? आमच्या इथं एकजण बिगर ऑपरेशनचा मोटारसायकल चालवतो, शेतात जातो, काही नाही त्याला.

---

धागे_आणि_पॉलिमर

"सगळे फायबर नॅनोच असतात" 😂 हे मी लॅबच्या दारावर चिकटवणार आहे.

टेप वाईट नाही हे मात्र ध्यानात ठेवा, तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी उद्या ग्राफ्ट बारीक निघाला म्हणून टेप लावू म्हटलं तर लगेच भांडायला जाऊ नका. तिचं नाव आणि किंमत सरळ सांगितली म्हणजे झालं. ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या डब्यावरचे स्टिकर फाईलला लावून मागा, त्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो. काकांच्या मेव्हण्यांकडं तो कागद असता तर पुढचं सोपं गेलं असतं. आणि कुणी स्टेम सेल लावलेली जाळी किंवा 'ट्रायल आहे' म्हणून पैसे मागितले तर आधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीचा, म्हणजे सीटीआरआयचा नोंदणी नंबर विचारा, साईट सगळ्यांना खुली आहे. ज्या इम्प्लांटची चाचणी चाललीय ते पेशंटला विकत नसतात.

---

फिजिओ_लातूर

बिगर ऑपरेशनचं विचारलंत ते बरं केलं. स्वीडनमध्ये १२१ तरुण खेळाडू वृत्तीच्या लोकांवर अभ्यास झाला, २०१० ला छापून आला. अर्ध्यांना लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्हीकडं गुडघ्याचा स्कोअर सारखाच होता, आणि दुसऱ्या गटात तोपर्यंत चाळीसेक टक्क्यांनाच ऑपरेशन लागलं होतं. म्हणजे तुमचा मोटारसायकलवाला खोटा नाही. पण तो सरळ रेषेत जगतोय. तुमच्या भावाला कोपऱ्यातून वळून मध्यरेषेकडं झेप घ्यायचीय, त्याचा गुडघा प्रत्येक निसटण्यात मेनिस्कस खातो. कबड्डी सोडायची तयारी असेल तर व्यायामावर काही महिने बघता येईल, सोडायची नसेल तर ग्राफ्ट. हे त्यानं ठरवायचं, तुमच्या बाबांनी नाही आणि सोयाबीननं पण नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते योजनेत असलेल्या दवाखान्यात जाऊन आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, पैसे उसने काढायच्या आधी.

---

परभणीचा_चढाईपटू

विचारलं त्याला. कबड्डी सोडणार नाही म्हणतो. भरतीचं पण टेन्शन आहे, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. पुढची जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही. तोवर काय करू द्यावं? दिवसभर खाटेवर पडून मोबाईल बघायलाय आणि गुडघ्याखाली उशी ठेवतो, तशी ठेवली की दुखत नाही म्हणे.

---

फिजिओ_लातूर

उशी आजच काढा!! गुडघ्याखाली उशी ठेवून वाकवून ठेवला की तो तसाच आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर नंतर सरळ करायला जीव जातो पेशंटचा आणि माझा पण. उशी नाही, टॉवेलची गुंडाळी, आणि ती गुडघ्याखाली नाही, टाचेखाली. गुडघा अधांतरी राहिला पाहिजे, त्याच्याच वजनानं हळूहळू खाली जातो. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मोबाईल बघत केलं तरी चालतं. मग मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच मोजायचे आणि सोडायचं. दुसऱ्या पायाची टाच किती खाली जाते तेवढी ही पण गेली पाहिजे, त्यानंतरच ऑपरेशनची तारीख घ्या, घाई नाही. सूज उतरली पाहिजे, पाय सरळ उचलताना गुडघा लोंबता कामा नये.

वाकणं नव्वदच्या पुढं गेलं की स्थिर सायकल, आधी बिनवजनाची. गोळ्याचं म्हणाल तर खुर्चीत बसून दंड-खांद्याचा व्यायाम खुशाल करू द्या, पण फेकताना पायावर फिरावं लागतं ते आत्ता बंद. १६०० चं ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी सरळ हळू पळण्यापासून बघू, तेही मांडीची ताकद मोजून. घड्याळ लावून नाही.

आणि त्याला विचारा, चालताना गुडघा निसटतो का, हे मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं, त्याचं अजून कुणी सांगितलं नाही.

---

परभणीचा_चढाईपटू

हो मॅडम राहिलंच ते. निसटतो. जिना उतरताना दोनदा झालं, आणि अडकत मात्र नाही. उशी काढली, आता माझ्यावरच चिडून बसलाय.